सरखेल आणि टोपीकरांचा बावटा

सुरतेहून मलबाराकडे निघालेले गलबत मुंबई मागे टाकून खांदेरीच्या टापूत शिरू लागले, की त्यावरच्या नाखव्याला दोन गोष्टींची खातरजमा करून घ्यावी लागे. सरखेल आंग्र्यांचे दस्तक जवळ आहे की नाही, ही पहिली. ते नसेल, तर डोलकाठीवर चढवायला इंग्रजी बावटा हाताशी आहे की नाही, ही दुसरी. अठराव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांतील कोकण किनाऱ्याचे राजकारण बव्हंशी या दोन वस्तूंभोवती फिरले. एक कागदाची, दुसरी कापडाची. कागद होता मराठ्यांच्या आरमाराचा आणि कापड होते लंडनच्या एका व्यापारी कंपनीचे. समुद्रावर या दोहोंपैकी कोणाचे चालावे, या प्रश्नावर कान्होजी आंग्रे उभे आयुष्य झगडले. इंग्रजांनी त्यांना चाचा म्हटले. त्या शब्दामागचे कारणही बावट्याच्या या भांडणातच सापडते.

आंग्रे घराण्याचे मूळ आडनाव संकपाळ. अंगरवाडी या गावावरून ते आंग्रे म्हणवू लागले. कान्होजींचे वडील तुकोजी हे शिवछत्रपतींच्या आरमारात होते आणि सुवर्णदुर्गावर त्यांची नेमणूक होती. कान्होजींचा जन्म 1669 च्या सुमारास झाला. त्यांचे बालपण हर्णैच्या किनाऱ्यावर, सुवर्णदुर्गाच्या सावलीत गेले. कोळी आणि भंडारी दर्यावर्दींच्या सहवासात वारा, भरती-ओहोटी आणि खडकांच्या खाणाखुणा यांचे ज्ञान त्यांना शाळेवाचून मिळाले. तरुणपणी सुवर्णदुर्ग शत्रूच्या घशात जाण्याची वेळ आली असता, फितूर होऊ पाहणाऱ्या किल्लेदाराला दूर सारून त्यांनी किल्ला राखला, अशी कथा परंपरेने चालत आली आहे. तिच्यातील तपशिलांवर रंग चढला असेल; पण संभाजीमहाराजांच्या वधानंतरच्या धामधुमीत कोकणची बहुतेक ठाणी डळमळली असताना हा माणूस पुढे आला, एवढे खरे.

1698 मध्ये आरमारप्रमुख सिधोजी गुजर यांचे निधन झाले आणि राजाराम महाराजांच्या कारकीर्दीत आरमाराची धुरा कान्होजींकडे आली. सरखेल हा किताब त्यांच्या नावाला जोडला गेला तो कायमचाच. छत्रपती तेव्हा मोगलांशी जीवन-मरणाच्या झुंजीत गुंतले होते आणि खजिन्यात खडखडाट होता. आरमार उभे करा म्हणणे सोपे. सागवान, दोरखंड, शिडांचे कापड, तोफा, दारूगोळा आणि खलाशांचा पगार यांसाठी पैसा आणायचा कुठून? कान्होजींनी तो समुद्रावरूनच उभा केला.

त्यांचे साधन होते दस्तक. बीड जिल्ह्यातील आष्टीसारख्या, दर्यापासून कितीतरी कोस दूर असलेल्या मुलखातही वाटेवर मालाच्या तांड्याकडून जकात घेतली जाई, आणि ती भरल्याचा दाखला असला की पुढची चौकी अडवत नसे. किनाऱ्यालगतच्या पाण्यावर कान्होजींनी नेमके हेच केले. ठरलेली रक्कम भरून दस्तक घ्यावे, निर्धास्त जावे. दस्तक नसेल तर गलबत व माल जप्त. ही कल्पना त्यांनी नव्याने काढली होती असेही नाही. पोर्तुगीज सोळाव्या शतकापासून या समुद्रात ‘कार्ताझ’ नावाचे परवाने विकत होते आणि तो परवाना नसलेली हिंदी जहाजे लुटत होते. खुद्द इंग्रजही आपले परवाने देत होते. तेव्हा कान्होजींनी वेगळे काही केले असेल तर ते इतकेच, की किनारा ज्यांचा होता त्यांच्या वतीने त्यांनी हा हक्क सांगितला. पोर्तुगीजांच्या परवान्यापुढे निमूटपणे मान तुकवणाऱ्यांना दस्तक मात्र लूटमार वाटली.

आता दुसऱ्या वस्तूकडे वळायला हवे. इंग्रजांचा म्हणून जो बावटा म्हणतात, तो त्या काळी एक नव्हता. इंग्लंडच्या राजाच्या युद्धनौका वेगळ्या, ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे वेगळी आणि खासगी व्यापाऱ्यांची तारवे आणखी वेगळी. युनियन जॅक फक्त राजाच्या जहाजांनी लावावा, असा आदेश पहिल्या चार्ल्सने 1634 मध्येच काढला होता. व्यापारी जहाजांसाठी 1674 च्या फर्मानाने लाल निशाण ठरले, त्याच्या वरच्या कोपऱ्यात सेंट जॉर्जचा क्रूस. पण लाल निशाण राजाच्या आरमारातील एका तुकडीचेही होते! आरमाराच्या लाल, पांढऱ्या आणि निळ्या अशा तीन तुकड्या असत. आरमाराला पांढरे, सरकारी जहाजांना निळे आणि व्यापाऱ्यांना लाल ही सुटसुटीत वाटणी झाली ती थेट 1864 मध्ये. तोपर्यंत राजाचे जहाज ओळखायचे ते नाळेवरच्या युनियन जॅकवरून आणि डोलकाठीच्या शेंड्यावर फडफडणाऱ्या लांब पताकेवरून. कंपनीचे निशाण याहून निराळे होते. त्यावर लाल-पांढरे आडवे पट्टे असत. कोपऱ्यात आधी सेंट जॉर्जचा क्रूस आणि इंग्लंड-स्कॉटलंडचे एकीकरण झाल्यावर, 1707 पासून, युनियन. पट्ट्यांची संख्याही पक्की नसे. कधी नऊ, कधी तेरा. मुंबई बंदराच्या रक्षणासाठी कंपनीने जी लढाऊ गलबते ठेवली होती, तीही पट्ट्यांचा हाच बावटा मिरवीत.

हा गुंता कागदावरचा. पाण्यावर तो आणखी वाढे. दुरून निशाणाचा रंग कळतो, त्याखालचा माल कोणाचा ते कळत नाही. खोटा बावटा लावून शत्रूला चकवणे ही त्या काळची सर्रास रीत होती. 1695 मध्ये हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने औरंगजेबाचे ‘गंज-इ-सवाई’ हे मक्केहून परतणारे जहाज लुटले, तेव्हा त्याचा जाब सुरतेच्या वखारीतील इंग्रजांना द्यावा लागला होता आणि बेड्याही त्यांनाच पडल्या होत्या. म्हणजे निशाणाखालील माणसांची जबाबदारी निशाणवाल्यांनी घ्यावी, हा न्याय इंग्रजांना मोगलांकडून पुरता कळला होता. कान्होजींचे म्हणणे याहून फार वेगळे नव्हते.

कुरबुरींना सुरुवात झाली 1702 मध्ये. त्या वर्षी कान्होजींच्या आरमाराने सहा इंग्रज असलेले एक छोटे व्यापारी गलबत धरले. दोन वर्षांनी मुंबईकर इंग्रजांनी रेनॉल्ड्स नावाचा वकील त्यांच्याकडे पाठवला. मुंबईच्या आसपासच्या पाण्यात कान्होजींनी जहाजांची झडती घेऊ नये, ही मागणी. कान्होजींनी ती साफ नाकारली. शिवाजीमहाराजांशी केलेले करार इंग्रजांनीच पाळले नाहीत, तेव्हा आपण आपल्या हक्काने वागू, असा त्या उत्तराचा आशय होता. खांदेरीचा इतिहास लक्षात घेतला तर या उत्तरातील धार कळते. 1679 मध्ये मराठ्यांनी त्या बेटावर तटबंदी सुरू केली, तेव्हा ती हाणून पाडण्यासाठी इंग्रजांनी जंग जंग पछाडले होते. ते जमले नाही. मुंबईच्या तोंडाशी बसलेले ते बेट आता कान्होजींच्या हाती होते.

नोव्हेंबर 1712 मध्ये भांडण पेटले. कारवारच्या वखारीचा प्रमुख थॉमस चाऊन आपल्या तरुण पत्नीसह ‘अ‍ॅन’ या गलबतातून मुंबईहून निघाला होता. सोबतीला गव्हर्नर विल्यम एस्लेबी याचे सशस्त्र जहाज ‘अल्जेरीन’ होते. कान्होजींच्या गलबतांनी दोन्ही पकडली. चाऊन तोफेच्या गोळ्याने ठार झाला आणि त्याची पत्नी कॅथरिन कैदेत पडली. खुद्द गव्हर्नरचे जहाज जाणे हा मुंबईच्या इंग्रजांना मोठाच धक्का होता. फेब्रुवारी 1713 मध्ये तीस हजार रुपये मोजून कॅथरिनची सुटका झाली. नवरा गमावलेल्या बाईला खंडणीसाठी अडकवून ठेवणे त्या काळच्या युद्धनीतीत बसत असेल, पण आज ते वाचताना कसेसेच होते. कान्होजींच्या चरित्रकारांनी हा प्रसंग घाईने ओलांडू नये.

या सुटकेबरोबर जो तह झाला, त्यातील एक कलम आपल्या विषयाच्या दृष्टीने लाखमोलाचे आहे. इंग्रजांच्या जहाजांना उपद्रव द्यायचा नाही, हे कान्होजींनी मान्य केले. त्या बदल्यात इंग्रजांनी मान्य केले, की इंग्रजांच्या मालकीची नसलेली जहाजे इंग्रजी बावटा लावणार नाहीत. लढाई कशावरून होती ते या एका कलमात उघड होते. कान्होजींना कंपनीचा व्यापार बुडवायचा नव्हता. त्यांना तिच्या बावट्याची विक्री थांबवायची होती. कारण सुरतेचा एखादा व्यापारी आपले तारू इंग्रजांच्या परवान्याखाली आणून त्यावर त्यांचे निशाण चढवू लागला, की आंग्र्यांच्या दस्तकाला किंमत राहत नाही. आज एकाने केले ते उद्या शंभर करतील आणि मग आरमार पोसायचे कशावर? मुंबईच्या इंग्रजांचीही अडचण समजण्यासारखी होती. आपल्या निशाणाखाली माल सुरक्षित राहतो, या भरवशावरच हिंदी व्यापारी मुंबईत येत होते. तो भरवसा गेला तर मुंबई बंदराला ऊर्जितावस्था येणे कठीण होते.

त्याच वर्षी घाटावर निराळे नाट्य घडत होते. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर 1707 मध्ये शाहूमहाराज सुटून आले आणि छत्रपतींच्या घरात दोन तट पडले. कान्होजी ताराबाईंच्या बाजूचे. शाहूंनी पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना त्यांच्यावर धाडले, तर कान्होजींनी पेशव्यांनाच कैद केले. त्यानंतर पेशवेपद बाळाजी विश्वनाथांना मिळाले. बाळाजीपंतांनी तलवारीपेक्षा वाटाघाटीवर भर दिला आणि 1714 मध्ये समेट घडवला. कान्होजींनी शाहूंना धनी मानले. सरखेली आणि सव्वीस किल्ले त्यांच्याकडे राहिले. या समेटाचा समुद्रावरचा अर्थ मोठा होता. दस्तकामागे आता साताऱ्याच्या गादीची मान्यता उभी राहिली. मराठी राज्याचा नेमलेला आरमारप्रमुख, राज्याच्या पाण्यात, राज्याच्या नावाने जकात घेतो त्याला चाचा कसे म्हणणार? पण सरखेलाला अधिकारी मानले की त्याचे दस्तकही मानावे लागते. चाचा ठरवले की ती कटकट उरत नाही. मुंबईकरांनी दुसरा मार्ग पत्करला.

1715 च्या अखेरीस चार्ल्स बून हा नवा गव्हर्नर मुंबईत आला. तो धडाडीचा होता. त्याने शहराला तट घातला, लढाऊ जहाजे बांधवली आणि आंग्र्यांचा निकाल लावायचाच असा चंग बांधला. इंग्रजी बावटा असलेली काही जहाजे कान्होजींनी पुन्हा धरली होती. त्यांवरील माल इंग्रजांचा नाही, तेव्हा 1713 चा तह आपण मोडलेला नाही, अशी कान्होजींची बाजू. जहाज आमच्या निशाणाखाली आहे एवढे पुरे, मालाची चौकशी तुम्ही करू नये, अशी बूनची. हा वाद दोन्हीकडच्या पत्रांतून बराच काळ चालला. सागरी कायद्याचे अभ्यासक पुढे शतकभर ज्यावर काथ्याकूट करीत राहिले, तो निशाणाने माल झाकला जातो का हा प्रश्न कुलाब्याच्या सदरेवर आणि मुंबईच्या कौन्सिलात असा चर्चिला जात होता.

पत्रे संपली आणि तोफा बोलू लागल्या. 1717 मध्ये इंग्रजांनी विजयदुर्गावर चढाई केली. तटाला लावायला आणलेल्या शिड्या तोकड्या पडल्या. 1718 मध्ये खांदेरीवर हल्ला झाला, तोही फसला. 1720 मध्ये पुन्हा विजयदुर्ग. या खेपेस ‘फ्राम’ नावाची तरती तोफगाडी खास बांधून आणली होती. पण तिच्या तोफांची भोके इतकी खाली ठेवली होती की पहिला गोळा तटाऐवजी पाण्यातच गेला. एवढी तयारी करून अशी चूक व्हावी, याला काय म्हणावे!

कान्होजींच्या यशाचे श्रेय केवळ शत्रूच्या गलथानपणाला देणे मात्र अन्यायाचे होईल. त्यांची गुराबे उथळ पाण्यात शिरत, गलबते वल्ह्यांवर चालत. वारा पडला की इंग्रजांची उंच, बोजड जहाजे जागीच खिळून राहत. तेव्हा गलबते गुराबांना ओढत आणून शत्रूच्या पिछाडीला उभी करीत, जिथे त्याच्या तोफा कमी. शत्रू भारी पडू लागला, की जवळच्या खाडीत किंवा किल्ल्याच्या आडोशाला निघून जाता येई. त्यांच्या नोकरीत युरोपीय गोलंदाजही होते. कामाचा माणूस कुठला, हे त्यांनी फारसे पाहिले नाही.

बूनच्या आर्जवांमुळे शेवटी राजाचे आरमार आले. कमोडोर थॉमस मॅथ्यूज चार युद्धनौका घेऊन सप्टेंबर 1721 मध्ये मुंबईत दाखल झाला. मादागास्करच्या चाच्यांचा बंदोबस्त हे त्याचे मूळ काम. आंग्रे त्या यादीत जोडले गेले. आता कंपनीच्या पट्टेरी बावट्याशेजारी राजाचा युनियन जॅक होता. पोर्तुगीज व्हाइसरॉयही फौजेसह सामील झाला. डिसेंबरात दोन युरोपीय सत्तांची संयुक्त फौज कुलाब्यावर चालून गेली. पण अलिबागच्या पुळणीवर त्यांची गाठ पिलाजी जाधवांच्या आणि पाठोपाठ खुद्द बाजीराव पेशव्यांच्या घोडदळाशी पडली. हल्ला परतवला गेला, मॅथ्यूजच्या मांडीला भाल्याची जखम झाली. पोर्तुगीजांनीच दगा दिला, अशी समजूत होऊन त्याने त्यांच्या सेनापतीच्या तोंडात आपली छडी खुपसली, असे इंग्रजी वृत्तांतच सांगतो. जानेवारी 1722 मध्ये पोर्तुगीजांनी बाजीरावांशी परस्पर तह केला आणि इंग्रज हात चोळीत मुंबईला परतले. सरखेल एकटा नाही, त्याच्यामागे राज्य आहे, हे कुलाब्याच्या त्या लढाईने दाखवून दिले. बून त्याच सुमारास मायदेशी गेला. 1724 मध्ये डच विजयदुर्गावर आले, तेही रिकाम्या हातांनी गेले.

क्लेमेंट डाउनिंग या मोहिमांत स्वतः होता. त्याचे पुस्तक 1737 मध्ये लंडनला छापले गेले आणि त्याच्या शीर्षकातच आंग्र्यांच्या नावापुढे चाचा हा शब्द बसला. पराभवाची कैफियत लिहिणाऱ्याला प्रतिस्पर्धी भयंकर दाखवावाच लागतो. पुढे इंग्रजी ग्रंथांत तोच शब्द पिढ्यान्‌पिढ्या चालत राहिला आणि आपल्याकडच्या शाळकरी पुस्तकांनाही तो पुसून काढायला वेळ लागला.

या लढायांच्या गर्दीत कान्होजींचे दुसरे काम झाकोळते. कुलाब्यासमोर त्यांनी अलिबाग वसवले. त्यांच्या नावाशी जोडलेला अलिबागी रुपया पुढे बराच काळ या भागात चालत होता. 4 जुलै 1729 रोजी त्यांचे निधन झाले. समाधी अलिबागेतच आहे.

त्यांच्यामागे सेखोजी सरखेल झाले, पण 1733 मध्ये तेही गेले. मग संभाजी आणि मानाजी या भावांत तंटा लागला आणि दौलत कुलाबा व विजयदुर्ग अशी दुभंगली. विजयदुर्गाच्या तुळाजी आंग्र्यांचे पेशव्यांशी बिनसले. 1721 मध्ये ज्या पेशव्याच्या घोडदळाने इंग्रजांना कुलाब्याहून पिटाळले, त्याच्याच मुलाने, नानासाहेबांनी, 1756 मध्ये इंग्रजांशी हातमिळवणी केली. फेब्रुवारीत अ‍ॅडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले. तोफांच्या माऱ्यात आंग्र्यांचे नांगरलेले आरमार जळून गेले आणि किल्ल्यावर इंग्रजांचे निशाण चढले. कान्होजींच्या हयातीत ते कधी तिथे लागू शकले नव्हते. त्यानंतर कोकणच्या पाण्यात बावट्याखालचा माल तपासायला कोणी उरले नाही. कुलाब्याचे संस्थान तेवढे कसेबसे टिकले. तेही वारसाअभावी 1840 मध्ये खालसा झाले.

स्वातंत्र्यानंतर मुंबईतील ‘डलहौसी’ या नौदल तळाचे नाव 1951 मध्ये बदलून ‘आयएनएस आंग्रे’ ठेवण्यात आले. कंपनीच्या जुन्या किल्ल्याचे, म्हणजे बॉम्बे कॅसलचे, उरलेसुरले अवशेष याच तळाच्या आवारात आहेत. बूनच्या काळात इंग्रजांच्या मुंबईचा हा बालेकिल्ला होता. तळावर जे भारतीय नौदलाचे निशाण फडकत होते, त्याच्या कोपऱ्यात तिरंगा होता, पण मध्ये लाल क्रूस होता तो सेंट जॉर्जचाच, कान्होजींच्या पहिल्या कारकीर्दीत कंपनीच्या पट्टेरी बावट्यावर असलेला. 2001 मध्ये तो काढला, 2004 मध्ये पुन्हा आला. 2 सप्टेंबर 2022 रोजी कोचीला ‘विक्रांत’ नौदलात दाखल झाली, त्या दिवशी नवे निशाण आले. क्रूस गेला आणि निळ्या अष्टकोनात नांगर आला. तो अष्टकोन शिवाजीमहाराजांच्या मुद्रेवरून घेतला आहे. आंग्र्यांचे नाव धारण करणाऱ्या तळावरही तेव्हापासून तेच निशाण आहे.